पाटी नसलेलं दुकान आणि दादांच्या अकरा कॅसेटी

दुकानाला पाटी नाही, म्हणून पत्ता आधी सांगते. ग्रँट रोडला पूर्वेला उतरा, लॅमिंग्टन रोड धरा. (कागदावर तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर तुम्हाला दवाखान्यात जायचंय असं लोक समजतात.) मोबाइलच्या काचा बदलणाऱ्यांची रांग संपते तिथे एक बोळ आत जातो. झेरॉक्सवाल्याच्या बाजूचा लाकडी जिना, दुसरा मजला, उजवीकडचं दार. दारावर खडूने लिहिलंय, ‘बेल वाजवू नये, कडी वाजवावी.’ मी बेल वाजवली. आतून आवाज आला, “गेली वीस मिनिटं पाण्यात!” आत कोणाची तरी कॅसेट चढत होती आणि माझी बेल तिच्यात कायमची जाऊन बसली होती. तिथून आमची ओळख.

इथे जुन्या कॅसेटी दुरुस्त करून डिजिटल करून मिळतात. स्पूल आणि एलपीही करतात, पण माझा अनुभव कॅसेटींचा, तेवढाच लिहिते.

माझ्याकडे अकरा होत्या. बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात, डांबराच्या गोळ्या घालून आईने पंचवीस वर्षं जपलेल्या. आई गेली तेव्हा भावाने भांडी घेतली, वहिनीने शिलाई मशीन, आणि हा डबा माझ्याकडे आला, कारण दुसऱ्या कोणाला नको होता.

वडील आमचे शाहीर. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. लालबागच्या एका गिरणीत ते चार साचे (कापडाचे माग) चालवायचे आणि उरलेल्या वेळात शाहिरी करायचे. त्यांना विचारलंत तर उलटं सांगायचे, “शाहिरी करतो, मधल्या वेळात गिरणीत जाऊन येतो.” तुम्ही त्यांचं नाव ऐकलेलं नसणार. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या कंपनीच्या कॅसेटवर नाही. जे काही आहे ते या अकरा कॅसेटींत, तेही घरच्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असतो त्यावर, भरलेलं. हा टू-इन-वन मस्कतहून आलेल्या मामाने १९७८ साली आणला. तो आला नसता तर एवढंही राहिलं नसतं.

या दुकानाच्या काकांकडे जायच्या आधी मी एक चूक केली. आमच्या उपनगरात स्टेशनजवळ एक जण शंभर रुपयांत कॅसेट ‘कन्व्हर्ट’ करून देतो. त्याच्याकडे एक देऊन बघितली. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एमपीथ्री आली. आवाज फाटलेला, आणि फक्त एकच बाजू. दुसऱ्या बाजूचं विचारलं तर म्हणाला, “दुसरी बाजू पण असते का?” पोरगा विशीतला, त्याचा तरी काय दोष. पण कॅसेट परत घेतली तेव्हा फितीला सुरकुती पडलेली होती.

तीच सुरकुतलेली कॅसेट काकांनी सगळ्यात आधी हातात घेतली. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, अंगात बाह्यांचा पांढरा गंजी, कपाळावर घड्याळजीसारखं भिंग. कॅसेट त्यांनी वाजवली नाही. आधी खिडकीपाशी नेली, उन्हात तिरकी धरली, मग नाकापाशी नेली. फितीच्या गुंडाळीच्या कडेला मला काहीच दिसत नव्हतं. भिंगातून बघितलं तर पिठासारखी पांढरी नक्षी. “बुरशी,” म्हणाले. “मुंबईत कपाटात ठेवलेल्या निम्म्या कॅसेटींना असते. ही अशीच लावली तर हेडला, म्हणजे टेपमधल्या फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते, आणि पुढच्या माणसाच्या कॅसेटीला लागते. तुमच्या स्टेशनवाल्याने आज किती जणांना वाटली असेल देव जाणे.”

अकराच्या अकरा तपासायला त्यांनी दीड तास घेतला. मला बसायला स्टूल दिलं, चहा विचारला नाही. प्रत्येक कॅसेटीची एक चिठ्ठी. कोणत्या पाच स्क्रूवाल्या, कोणत्या चिकटवलेल्या खोक्याच्या. स्क्रूवाली उघडता येते. चिकटवलेली कापावी लागते आणि फीत नव्या खोक्यात भरावी लागते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत जवळजवळ १३५ मीटर फीत असते, आणि ती साठच्या फितीपेक्षा पातळ, म्हणून तुटायला पुढे. दादा नेहमी नव्वदच्याच घ्यायचे, पैशाला परवडायच्या म्हणून. चार कॅसेटींच्या आतला फेल्टचा तुकडा गळून पडला होता. पितळी पट्टीवर नखाएवढं कापड असतं, ते फितीला हेडवर दाबून धरतं. ते पडलं की आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. आपण समजतो कॅसेट खराब झाली. बिघडलेलं असतं एवढंसं कापड.

घरचा जुना टेप असेल तर कृपा करून त्याच्यावर ‘एकदा लावून तर बघू’ करू नका. आतला रबरी पट्टा एवढ्या वर्षांत डांबर झालेला असतो. हे काकांचं पहिलं वाक्य असतं, प्रत्येक गिऱ्हाइकाला.

दादांचा जन्म १९३७चा, खटाव तालुक्यातला. दुष्काळी गाव. चौदाव्या वर्षी चुलत्याबरोबर मुंबईला आले, काळाचौकीला दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे सतरा माणसं पाळीपाळीने झोपायची. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या ऊबदार वळकटीत रातपाळीवाला शिरायचा. तिसऱ्या कॅसेटीत ते हे सगळं सांगतात, गाण्याच्या आधी, हसत हसत. त्यातच सांगतात की परळच्या कामगार मैदानावर त्यांनी अमर शेख ऐकले आणि रात्रभर झोप आली नाही. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापलेली. १९५५च्या २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा दादा अठरा वर्षांचे होते आणि गर्दीत मागे होते. पुढचं ते सांगत नाहीत. कॅसेटीत तिथे खोकला आहे आणि डफावर एक थाप.

आजच्या मुलांना अमर शेख सांगावे लागतात, म्हणून थोडं विषयांतर. बार्शीचा माणूस, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गाडीवर क्लीनर होता, गिरणीत होता, आणि पहाडी आवाज. त्यांनी, अण्णा भाऊ साठेंनी आणि द. ना. गव्हाणकरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊ वाटेगावचे, शाळेत दीड दिवस गेलेले, घाटकोपरच्या चिराग नगरात राहून लिहिणारे. दादांच्या तोंडात ही दोन नावं देवघरातल्या नावांसारखी असायची. १९६९ साली १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. एकाच पावसाळ्यात दोघं. आई सांगायची, त्या वर्षी गणपतीत दादांनी डफ खुंटीवरून काढला नाही.

दादांचं स्वतःचं पथक सहा जणांचं. डफ त्यांच्याकडे, एक तुणतुणंवाला, एक ढोलकीवाला, पेटीवर गिरणीतलेच एक हेडजॉबर, आणि झील धरायला (मागून सूर ओढायला) दोघं. झीलकरी पाळीवर अडकले तर चाळीतला कोणीही चालायचा, मीसुद्धा एकदा ‘जी जी रं जी’ केलंय. गणपती, चौदा एप्रिल, शिवजयंती, युनियनच्या सभा. सरकारी कामंही केली, कुटुंबनियोजनाची, दारूबंदीची. दारूबंदीच्या कार्यक्रमाची बिदागी घेऊन झीलकरी कुठे जायचे हे सातव्या कॅसेटीत दादा स्टेजवरूनच सांगतात आणि पुढची तीन मिनिटं नुसता हशा आहे.

आता काकांच्या कामाचं मुख्य. मी पहिल्यांदा त्यांना फितीवर बसलेलं बघितलं तो दिवस.

तिसरी कॅसेट लावली. आवाज येत होता, पण बंद. दादा बोलत होते, शब्द कळत होते, तरी ते दादा वाटत नव्हते, तोंडाला रुमाल लावलेला माणूस वाटत होता. मी म्हटलं, जुनी झाली, असंच असणार. काकांनी उत्तर दिलं नाही. डेकचं पुढचं झाकण काढलेलं होतं. त्यातून त्यांनी सोनाराचा असतो तसा बारीक स्क्रूड्रायव्हर आत घातला, हेडच्या शेजारच्या स्क्रूवर टेकवला आणि डोळे मिटले. चालत्या कॅसेटीवर स्क्रू फिरवत होते, अगदी केसभर. इकडे, तिकडे, परत इकडे. मला वाटलं, मोडतील. आणि मग स्पीकरमधून ‘शाहीर’ मधला ‘श’ आला. पडदा सरकवावा तसा तो उघडला. त्याच्यामागून ‘स’ आले, तुणतुण्याची तार आली, मागे कोणाच्या तरी बांगड्या आल्या.

“तुमच्या वडिलांच्या टेपचं हेड वाकडं होतं,” काका म्हणाले. “वाकड्या हेडने भरलेलं सरळ हेडने वाचता येत नाही. आपण तेवढंच वाकडं व्हायचं.” मग प्रत्येक कॅसेटीच्या प्रत्येक बाजूला त्यांनी हे पुन्हा केलं. स्टेशनवाल्या पोराच्या शंभर रुपयांत आणि काकांच्या साडेतीनशेत फरक काय, असं कोणी विचारलं तर तो हा स्क्रू.

दुसरी भानगड सेलची झाली. मैदानावर वीज असेल तिथे असेल, नाहीतर टू-इन-वन सेलवर. दोन तासांच्या कार्यक्रमात सेल उतरत जायचे. भरताना सेल उतरले की टेप हळू फिरतो. मग तीच फीत नीट वेगाने लावली की गाणं पळतं आणि आवाज चढतो. पाचव्या कॅसेटीच्या शेवटी दादा मिसरूड न फुटलेल्या पोरासारखे गात होते. काकांनी विचारलं, “त्यांची पट्टी कोणती? पेटीच्या कोणत्या सुरावर गायचे?” मला काय माहीत. मी पोस्टात काउंटरवर बसते, मला स्पीड पोस्टचे दर विचारा.

पथकातले एकच जण आता आहेत, ढोलकीवाले, वय ब्याऐंशी, अजून काळाचौकीलाच. त्यांना तिथूनच फोन लावला. आधी त्यांनी मी कोण ते तीनदा विचारलं. मग म्हणाले, “शाहिराची पट्टी काळी दोन. सर्दी झाली तर काळी एक. आणि समोर अध्यक्ष म्हणून मालकाचा माणूस बसला असंल तर मुद्दाम काळी तीन, त्याच्या कानाचा पडदा फाटाया पायजे म्हणून.” काकांनी स्पीकरवर ऐकलं, पहिल्यांदा हसले, आणि पेटीच्या सुरावरून सगळी बाजू थोडी थोडी करत काळी दोनवर आणून ठेवली. पूर्ण एक दिवस गेला त्यात. त्याचे पैसे वेगळे लावले नाहीत. मी दिले तेही घेतले नाहीत.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी पाचपैकी पाच देणार. थांबा.

काकांच्या हाताखाली एक मुलगा आहे. फीत काका चढवतात, आणि कॉम्प्युटरवरचं पुढचं काम, म्हणजे साफसफाई, गाणी वेगळी करणं, नावं देणं, त्याच्याकडे. चौथ्या कॅसेटीच्या फायली त्याने मला पेनड्राइव्हवर दिल्या. मी परतीच्या गाडीत कानाला लावल्या. स्वच्छ आवाज, खरंच स्वच्छ, एक खरखर नाही. गाणं एक, गाणं दोन, अशी नऊ गाणी. भायखळा गेलं, दादर गेलं आणि घाटकोपरच्या आत सगळं संपलं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीतून अडतीस मिनिटं! मला वाटलं, फाइल अर्धी आली. घरी येऊन पुन्हा बघितलं. नऊच गाणी होती, पूर्ण होती. गाण्यांमधलं सगळं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून गेले. मुलगा गोंधळला. म्हणाला, “मॅडम, मधे गाणंच नाहीये. ते बोलतायत, लोक बोलतायत. मी गॅप काढले.”

गॅप! शाहिराचं अर्धं काम त्या गॅपमध्ये असतं. गाणं लोकांना पाठ असतं, बोलणं त्या रात्रीचं असतं. कुठल्या चाळीत बसलोय, काल कोणाला नोटीस मिळाली, तांदूळ काय भावाने झाला, हे सगळं दादा डफावर बोट फिरवत फिरवत सांगायचे. कधी ते बोलणं यमकात जायचं, कधी नुसतंच राहायचं, आणि गाणं नेमकं कधी सुरू झालं ते कळायचं नाही. मुलाच्या लॅपटॉपवर रॅपवाल्यांचे स्टिकर होते. मी म्हटलं, “बाळा, तू स्पोकन वर्डच्या शोला जातोस ना?” म्हणाला, “हो, खारला, अंधेरीला.” माझी भाचीही करते, तीनशे रुपये तिकीट, कॉफी वेगळी. मी म्हटलं, “तिथे कवी बोलतो ते कापून नुसतं गिटार ठेवलंस तर चालेल?” तो गप्प झाला. मग म्हणाला, “पण मॅडम, एका ठिकाणी एक मिनिट वीस सेकंद नुसता नॉइज आहे. शब्द पण नाहीत. तो तरी काढायलाच लागेल.”

काका आतून आले. मूळ उतरवलेली फाइल ते कधीच पुसत नाहीत, हा त्यांचा नियम. (तुम्ही जाल तेव्हा मूळ फाइल मागूनच घ्या.) त्यांनी ती लावली आणि नेमकी त्या जागी आणली.

१९८३चा एप्रिल. संप सुरू होऊन सव्वा वर्ष झालेलं. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, ते अजून बाहेरच. आमच्या घरातलं पितळ तोवर मोडीत गेलं होतं. कार्यक्रम आमच्याच चाळीच्या चौकात. दादांचा आवाज येतो, “मंडळी, आज बिदागी नको. आज डफ बी वाजवायचा न्हाय. ज्याच्या डब्यात तांदूळ हाय त्यानं एक मूठ हितं टाका. ज्याच्या डब्यात न्हाय त्यानं मागं उभं ऱ्हावा, जाताना घिऊन जावा. कुणी कुणाकडं बघायचं न्हाय.”

मग डफ उलटा धरलेला. आणि तो एक मिनिट वीस सेकंदांचा ‘नॉइज’.

कातड्यावर तांदूळ पडतो त्याचा आवाज तुम्ही ऐकलाय का? पहिल्या मुठीला टणटण वाजतो, प्रत्येक दाणा वेगळा. दुसरी, तिसरी मूठ, तोवर वाजतोय. मग तळ झाकला जातो आणि आवाज बसत जातो, तांदळावर तांदूळ पडल्याचा, मऊ. मुलाच्या सॉफ्टवेअरला ती खरखर वाटली, यात सॉफ्टवेअरचीही चूक नाही. मधेच माझ्या आईचा आवाज आहे, एकच वाक्य, “आमचं बी घ्या.” आणि दादा लगेच, “ही मूठ माज्याच घरची हाय, ही मोजू नका.” हशा. आम्ही त्या रात्री काय जेवलो ते मला आठवतंय, ते इथे लिहीत नाही.

काकांनी ते तीन वेळा ऐकलं. मला वाटलं, आवाज तपासतायत. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाले, “एक्केचाळीस मुठी. तुमची धरून.”

मुलाने उतरवलेल्या सगळ्या कॅसेटी पुन्हा केल्या, न कापता, प्रत्येक बाजू सलग एक फाइल. खरखर फक्त तेवढीच कमी केली जेवढी कानाला टोचते. पैसे जास्त घेतले नाहीत, पण दोन आठवड्यांचं काम पाच आठवड्यांवर गेलं. म्हणून एक तारा मी कापते. शाहिरी असो, कीर्तन असो, आजीच्या ओव्या असोत, आत शिरल्या शिरल्या सांगा, ‘काहीही कापायचं नाही.’ कागदावर लिहून द्या. तिथे न सांगता गृहीत धरलेलं असतं की तुम्हाला गाणी हवीत.

दादा कॅसेट कंपनीकडे गेले नव्हते असं नाही. १९८८च्या सुमाराला, जेव्हा स्वस्त कॅसेटींचा पूर आला आणि प्रत्येक पानाच्या टपरीवर कॅसेटी लटकायला लागल्या, तेव्हा पथकातले तिघं एका कंपनीत गेले होते. साहेबांनी दोन गाणी ऐकली आणि विचारलं, हळदीची आहेत का? परत आले. त्यांचा महागाईवरचा एक फटका, म्हणजे टोचून बोलणारं गाणं, मात्र दुसऱ्या एका गायकाच्या कॅसेटीत निघाला. शेवटच्या कडव्यात शाहीर आपल्या नावाची छाप घालतो. तिथे दादांचं नाव काढून त्या गायकाने आपलं घातलं होतं. आम्ही पेटलो. दादा म्हणाले, “मात्रा जुळतात का बगा.” जुळत नव्हत्या. एक मात्रा जास्त होती. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. नऊ वर्षं एका सोसायटीत रखवालदारी केली, नायगावला. रात्रपाळीत लिहायचे. उतरवलेल्यांतल्या शेवटच्या दोन कॅसेटी त्या केबिनमधल्या आहेत, एकट्याच्या, डफाऐवजी टेबलावर बोटं. मधेच गाडीचा हॉर्न वाजतो, ते “आलो साहेब” म्हणतात, फाटक उघडल्याचा करकर आवाज, आणि ओळ जिथे सोडली तिथून पुढे. काकांच्या हाताखालच्या मुलाने या दोन कॅसेटी स्वतःहून माझ्यासाठी लूपमध्ये घालून ऐकवल्या. मी नको म्हटलं. १९९९ला दादा गेले.

आणि सहावी कॅसेट. हे सांगावं की नाही याचा विचार करत होते, पण रिव्ह्यू खरा लिहायचा तर सगळा लिहू. सहाव्या कॅसेटीची पहिली बाजू लावली तर रेडिओवरची सिनेमाची गाणी. एकामागून एक, मधे निवेदकाचा अर्धवट तुटलेला आवाज. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “ते मी केलंय.”

१९८४. मी अठरा वर्षांची, कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, दादांच्या कॅसेटी पडलेल्या होत्या. त्यावर भरली गाणी. कॅसेटीच्या मागच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकचे दात असतात. ते मोडले की टेपचं रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, आणि त्या खाचेवर सेलोटेप लावला की परत दाबलं जातं, हे सगळं ज्ञान मला नंतर आलं. तेव्हा दात शाबूत होते. दादा पाळी शोधून आले, बसले, दोन गाणी ऐकली. म्हणाले, “गाणी चांगली हायत.” एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रूड्रायव्हरने त्यांनी बाकीच्या सगळ्या कॅसेटींचे दात मोडले आणि प्रत्येकीवर निळ्या शाईने लिहिलं, ‘पुसू नये’.

सहाव्यात पस्तीस मिनिटं माझी गाणी आहेत. मग खट्ट असा आवाज, आणि माझ्या तावडीतून सुटलेली शेवटची दहा मिनिटं दादांची, एका वाक्याच्या मधूनच सुरू होणारी. काकांनी विचारलं, गाणी ठेवू की काढू? ठेवा म्हटलं.

आता व्यवहाराचं. साठची कॅसेट २५० रुपये, नव्वदची ३५०. नवं खोकं हवं असेल तर १५० वर. बुरशी साफ करण्याचे १०० एका कॅसेटीमागे. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, हे लक्षात ठेवून घासाघीस करा. डब्ल्यूएव्हीच (न दाबलेली मोठी फाइल) मागा, एमपीथ्री घरी हवी तेव्हा करता येते. ते उतरवतात त्या प्रतीला तासाला सुमारे २ जीबी लागतात, म्हणजे दहा-बारा कॅसेटींना ६४ जीबीचा पेनड्राइव्ह न्या, आणि दुसरीकडे एक प्रत लगेच काढा. पावती मिळत नाही, वहीत नाव लिहितात. यूपीआय मुलाच्या मोबाइलवर. फोन उचलत नाहीत. दुपारी दीड ते साडेतीन बंद, रविवार बंद, शुक्रवारी सकाळी काका चोर बाजारात जुन्या डेकचे भाग शोधायला जातात. गुडघे दुखत असतील तर जिना अवघड आहे, कोणाला तरी बरोबर न्या. स्पिरिटचा वास डोक्यात जातो. पाचपैकी चार.

कॅसेटी वर्तमानपत्रात गुंडाळून नेऊ नका, शाई आणि ओल दोन्ही लागते. डांबराच्या गोळ्यांबद्दल काका आईला शिव्या देणार होते, पण ती नाही म्हटल्यावर थांबले. आणि जून ते सप्टेंबर चिकटवलेल्या खोक्याची कॅसेट ते उघडत नाहीत. हवेत पाणी असताना फीत मोकळी करायची नाही म्हणतात. माझी अकरावी तशीच आहे. त्यामुळे दहाच झाल्यात, अकरावी अजून त्यांच्या कपाटात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर एका हवाबंद डब्यात. तिच्यावर ना तारीख, ना गावाचं नाव. दादांच्या अक्षरात फक्त ‘पुसू नये’ आहे, आणि खाली दोन रेघा. दिवाळीनंतर या म्हणालेत.